पुण्याहून तापोळ्याकडे पाहुण्यांच्या गावी गाडीने जायचंय, तीन दिवसांत महाबळेश्वरही होईल का?

तुम्ही लिहिलंय की आई ६८ वर्षांची, मुलगी चार वर्षांची, आणि तापोळ्याच्या पलीकडे आईच्या मामांकडे, म्हणजे तुमच्या आजोबांकडे, पहिल्यांदाच गाडी घेऊन जायचंय. माझ्या आत्याचं सासर त्याच बाजूला, कोयना धरणाच्या पाण्यापलीकडे. वर्षातून एकदा तरी आमचं जाणं होतं. त्यावरून सांगतो, या खेपेला महाबळेश्वर सोडून द्या.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा हीच चूक केली होती. वाटेतच तर आहे म्हणून दोन पॉइंट पाहिले, मग बाजारात शिरलो, मग मुलं स्ट्रॉबेरीसाठी अडून बसली. तापोळ्यात उतरलो तेव्हा दिवस मावळला होता आणि गाड्या पलीकडे नेणारा तराफा बंद झाला होता. फोन लागेना. पलीकडच्या काठावर बॅटरीचा उजेड हलताना दिसत होता. ते मामा होते, आत्याचे यजमान. दुपारपासून त्यांनी घर ते काठ अशा चार खेपा घातल्या होत्या, हे दुसऱ्या दिवशी कळलं. रात्र आम्ही अलीकडे एका ओळखीच्या घरी काढली. सकाळी पोहोचलो तर आत्या एवढंच म्हणाली, "कालच्या भाकरी मी खाते, तुमास्नी गरम टाकते." ते वाक्य मला अजून लागून आहे.

म्हणून पहाटे पाचलाच निघा. शनिवारी उशीर झाला की खंबाटकी घाटात गाड्या तुंबतात. सुरूर फाट्याला वळून वाईत नाश्ता करा आणि टाकी तिथेच पूर्ण भरा. पुढे पसरणी घाट, पाचगणी, महाबळेश्वर. मुलीला वळणं लागत असतील तर घाटाआधी दूध देऊ नका; आलेपाक किंवा आवळासुपारी तोंडात धरू द्या आणि काच थोडी खाली ठेवा. महाबळेश्वर सोडण्याआधी आजोबांच्या घरी फोन करून "आता खाली उतरतोय" असं सांगा, कारण पुढे रेंज कुठे असेल, कुठे नसेल याचा भरवसा नाही. तराफ्याची शेवटची फेरी कधी, हेही त्यांनाच विचारा. घरचा माणूस सांगेल ती वेळ खरी.

महाबळेश्वर ते तापोळा अंतर पंचवीस-तीस किलोमीटरच आहे, पण तेवढ्यात तुम्ही जवळजवळ ६५० मीटर खाली उतरता. सारखा ब्रेक दाबत राहिलात तर ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि मग नेमक्या वळणावर ते कमी लागतात. उतार सुरू झाला की दुसऱ्या गिअरमध्ये टाका आणि इंजिनालाच गाडी धरू द्या. वर येणाऱ्याला आधी वाट द्या. तराफ्यावर गाडी चढवण्याआधी आईंना आणि मुलीला खाली उतरवा, तराफेवाला हात करेल तशीच गाडी घ्या, हँडब्रेक ओढून गिअरमध्ये ठेवा. पाऊस असेल तर मात्र बेत पुढे ढकला. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्या दिवसांत दरड कुठे येईल सांगता येत नाही. आजोबांचं गाव बामणोलीच्या बाजूने जवळ पडत असेल तर सातारा, यवतेश्वर, कास हा रस्ता बरा. फक्त सप्टेंबर-ऑक्टोबरच्या शनिवार-रविवारी तो टाळा, फुलांसाठी आलेल्या गाड्यांनी भरलेला असतो.

आता मुक्कामाचं. निदान दोन रात्री घरातच काढा. का, तेही सांगतो.

दुसऱ्या वर्षी आम्ही कुठेच गेलो नाही. दुपारी मामा मला घेऊन काठावर बसले. मे महिना होता, पाणी बरंच खाली गेलं होतं आणि गाळातून दगडी बांधांच्या रेघा वर आल्या होत्या. मामांनी काठी उचलून दाखवलं, "त्यो तिसरा बांध दिसतो न्हवं, त्यो आमचा. त्याच्या खालनं इहीर." कोयना धरणाचं काम १९५६ ला सुरू झालं, १९६४ ला पुरं झालं. पाणी चढलं तेव्हा मामा नऊ-दहा वर्षांचे होते. नदीकाठची भाताची खाचरं गेली, लोक वर डोंगराच्या अंगाला सरकले, कितीतरी कुटुंबं दुसऱ्या जिल्ह्यांत पुनर्वसनाला गेली. त्यांच्या चुलत्याचं घर असंच दूर गेलं, ते पुन्हा एका गावात आलं नाही. मग ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप त्यांनी सांगितला: मांडणीवरची भांडी कशी कोसळली, थंडीत सगळं गाव गोठ्यांपुढे कसं बसून राहिलं. माझ्या वडिलांना स्वतःच्या बहिणीच्या सासरचं यातलं काहीही माहीत नव्हतं. तुमच्या आजोबांचं वय पाहता त्यांनीही हे सगळं डोळ्यांनी पाहिलेलं असणार. आईंना त्यांच्याजवळ बसू द्या, मुलीलाही. तुम्ही मध्ये घाई करू नका.

आईंचे गुडघे दुखत असतील तर घडीची कमोडची खुर्ची डिकीत टाका. संडास बहुतेक भारतीय पद्धतीचा असेल, कदाचित घरापासून वेगळाही. औषधं तीन नाही, पाच दिवसांची घ्या. मिठाईचे पुडे नेण्यापेक्षा फोनवर आईंच्या मामींना विचारा, "वाईहून काय आणू?" आधी "काय बी नको" म्हणतील. दुसऱ्यांदा विचारा. आमची आत्या मग ताजी भाजी, चहा पावडर, बॅटरीचे सेल आणि गुडघ्याला चोळायचं तेल सांगते. शेजारी भावकीची चार घरं असतील, तिथे प्रत्येकाकडे अर्धा कप का होईना चहा घ्या. एखादं घर चुकलं तर वर्षभर त्याची आठवण निघते, आणि ते ऐकावं लागतं तुमच्या आजोबांना.

निघायचं सकाळी ठरवा, म्हणजे जेवून दुपारी निघाल. मामी नाचणी, वरी, घरचे तांदूळ पिशव्यांत बांधून देतील. नको म्हणू नका. डिकीत एक कोपरा त्यासाठी मोकळा ठेवूनच पुण्यातून निघा.