नदीकाठी दिसलेला तांबूस, लांब शेपटीचा पक्षी कोणता?

तुम्ही लिहिलंय की येरवड्याच्या बाजूला मुळा-मुठेच्या काठी तांबूस पक्षी दिसला. डोकं काळं, तुरा, शेपटी वीतभर. बुलबुल म्हणावा तर शेपटी जुळत नाही, आणि स्वर्गीय नर्तक म्हणावा तर तो पांढरा असतो.

तो स्वर्गीय नर्तकच, आणि नर. हिंदीत याला दूधराज म्हणतात, मध्य प्रदेशाचा राज्यपक्षी. त्या नावामुळे सगळ्यांना पांढराशुभ्र नरच आठवतो, पण तांबूस नरही असतात. शेपटीची मधली दोन पिसं ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतात. पक्षी मात्र बुलबुलाएवढाच. मादीला ही लांब पिसं नसतात, आणि कोवळा नरही आखूड शेपटीचाच असतो. तेव्हा गळा बघा: नराचा काळा, मादीचा राखाडी. डोळ्याभोवती निळं कडंही दिसेल.

माशीमार म्हणत असले तरी खऱ्या माशीमारांच्या कुळातला हा नाही, वेगळ्या कुळातला आहे. खाण्याची रीत मात्र तीच. सावलीतल्या फांदीवर बसायचं, कीटक दिसला की झेप घेऊन हवेतच पकडायचा. पाण्याजवळ कीटक भरपूर, म्हणून नदी-ओढ्याकाठची गर्द झाडी त्याला आवडते. दुपारी पाण्यात सूर मारून लगेच फांदीवर येऊन पिसं साफ करतो. ते एकदा पाहिलं की माणूस तिथून हलत नाही, मी तरी हललो नाही.

पुन्हा बघायचा असेल तर सकाळी कल्याणीनगरजवळच्या डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्यात किंवा सिंहगडाच्या खोऱ्यात जा. रंगाआधी आवाज येईल, कर्कश ‘च्वे, च्वे’. उघड्यावर शोधू नका, करंज-उंबराच्या आतल्या फांद्या बघा.

एक कळकळीची विनंती. मे ते जुलै विणीचा काळ. घरटं म्हणजे बारीक फांदीच्या बेचक्यात कोळ्याच्या जाळ्यानं बांधलेली इवलीशी वाटी, बऱ्याचदा पाण्यावर झुकलेल्या फांदीवर. अंडी नर-मादी दोघंही उबवतात, आणि नर बसला की त्याची शेपटी वाटीबाहेर लोंबते. फोटो नीट यावा म्हणून आजूबाजूची पानं छाटलेली मी पाहिली आहेत. ती पानं ऊन अडवतात आणि कावळ्यांपासून घरटं लपवतात. तुम्हाला घरटं सापडलं तर लांबूनच दुर्बिणीतून बघा, आणि जागा कुणाला सांगू नका.