गुंतवणूक आपली, सहीही आपलीच

प्रश्न : वीज वितरणात ३१ वर्षे अभियंता म्हणून काम करून मी गेल्या वर्षी निवृत्त झाले. हवामानबदलाला तोंड देणारे तंत्रज्ञान तयार करणाऱ्या नव्या कंपन्यांत काही रक्कम घालावी, असे मला आणि भिशीतल्या तीन मैत्रिणींना वाटते. त्यांतली एक बँकेत होती, एक रसायनशास्त्र शिकवते, एकीची द्राक्षबाग आहे. अशा एका कंपनीच्या बैठकीला गेले, तेव्हा सगळी माहिती सोबत आलेल्या माझ्या पतीकडे पाहून सांगितली गेली. बायकांना जोखीम पेलत नाही, असेही कानावर आले. आम्ही या वाटेला जावे का? आणखी स्त्रिया इकडे कशा येतील?
— एक वाचक, सांगली

उत्तर : जरूर जावे. उणीव धाडसाची नाही, स्वतःच्या नावावरच्या भांडवलाची आहे. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, केंद्राने २००५ मध्ये. तरीही हक्कसोडपत्रावर सही करून मोकळ्या होणाऱ्या बहिणी आपण सर्वांनीच पाहिल्या आहेत. जिच्या हाती भांडवल येऊच दिले नाही, तिला भित्री ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

आपल्याकडे रकमेहून दुर्मिळ असे काही आहे. शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात फीडर, म्हणजे उपकेंद्रातून गावाकडे जाणाऱ्या वीजवाहिन्या, सौरऊर्जेवर नेण्याचे काम चालू आहे. ऐन उन्हाळ्यात डीपी का जळतो, व्होल्टेज पडले की शेतकरी काय करतो, दुरुस्तीला माणूस किती दिवसांनी पोचतो, हे आपण खांबाखाली उभे राहून पाहिले आहे. नुसता ताळेबंद वाचणाऱ्याला हे प्रश्न सुचतीलच असे नाही. सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम आठवून पाहा. तो १९८०च्या दशकात सुरू झाला आणि २००२ मध्ये बंद झाला. प्रयोगशाळेत कमी धूर करणाऱ्या कित्येक चुली घरोघरी वापराविना पडून राहिल्या. भाकरीचा तवा तिच्यावर नीट बसतो का, सरपण किती बारीक फोडावे लागते आणि ते फोडणार कोण, हे पैसे मंजूर होण्याआधी विचारणारी बाई त्या बैठकीत हवी होती.

आता व्यवहाराचे. सेबी म्हणजे भांडवल बाजाराची नियामक संस्था. तिच्या २०२५ च्या बदलांनंतर एंजल फंडांत, म्हणजे नवख्या कंपन्यांत पैसे घालणाऱ्या फंडांत, मान्यताप्राप्त गुंतवणूकदारांनाच प्रवेश आहे, आणि त्यासाठी वर्षाचे २ कोटी रुपये उत्पन्न किंवा साडेसात कोटींची निव्वळ मालमत्ता (त्यातली निदान निम्मी आर्थिक गुंतवणुकीत) यांसारखे निकष आहेत. जमीन, ठेवी पतीच्या नावावर असलेली स्त्री इथेच मागे पडते. खासगी कंपनीने रीतसर देऊ केलेले शेअर मात्र आपण प्रत्येकी स्वतःच्या नावाने घेऊ शकता. भिशीप्रमाणे पैसे एकत्र करून एकीच्या नावाने गुंतवू नका. लोकांचा पैसा गोळा करून फंड चालवायचा, तर सेबीची नोंदणी लागते. पूर्ण बुडाली तरी घर अडणार नाही, एवढीच रक्कम घाला. तोवर सरकारी हरित रोखे, म्हणजे पर्यावरणपूरक कामांसाठी सरकारने घेतलेले कर्ज, आहेतच. जानेवारी २०२३ पासून निघणारे हे रोखे रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट खात्यातून १०,००० रुपयांपासून घेता येतात.

आणखी स्त्रिया येतील त्या अशा चौघींकडे पाहूनच. एकच कंपनी निवडून तीन-चार महिने अभ्यासा: बँकेतल्या मैत्रिणीने ताळेबंद, शिक्षिकेने बॅटरीचे रसायन, बागाईतदार मैत्रिणीने त्या कंपनीचे उपकरण वापरणाऱ्या शेतकऱ्यांचे अनुभव आणि आपण वीजजोडणीची बाजू पाहावी. एखाद्या तरुण मुलीला पैसे न घालताही शेजारी बसून ऐकू द्यावे. पुढच्या बैठकीचे निमंत्रण आणि कागदपत्रे स्वतःच्या नावाने मागवावीत, आणि पहिला प्रश्न आपणच विचारावा.