काळ्या मातीत अठ्ठावीस इंची

वाचक विचारतात, सायकलवाले काका सांगतात

प्रश्न : काका, आजोबांची दांडीची अ‍ॅटलास आहे. चोवीस इंची फ्रेम, अठ्ठावीस इंची चाकं, सळईचे ब्रेक, पूर्ण चेनकव्हर. थंडी सुरू झाली की रविवारी पहाटे आम्ही मित्र नाशिकजवळच्या आडगावच्या पुढे मळ्यांच्या वाटांनी निफाडकडे जातो. महिनाभर पाऊस नसला तरी चिखल लागतो आणि शंभर पावलांत माझं चाक जाम होतं. मित्र म्हणतात, ही भंगारात घाल आणि गिअरची घे. काय करू? — एक वाचक, पंचवटी

उत्तर : भंगारात घालू नकोस. गिअरवाल्यांची त्या मातीत काय दशा होते ते मी पाहिलेलं आहे, त्यावर पुढे येतोच.

आधी हा चिखल येतो कुठून ते बघ. डिसेंबर-जानेवारीत कालव्याचं आवर्तन सुरू असतं, कांद्याच्या लागणी चाललेल्या असतात. शिवाय द्राक्षबागा. निफाडचा पारा खाली गेल्याची बातमी आली की समजायचं, त्या रात्री बागाईतदार जागा आहे. गारठ्यानं मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून तो बागेत शेकोट्या पेटवतो आणि पाणी सोडतो. विहिरीचं पाणी हवेपेक्षा ऊबदार असतं, ओली जमीनही ऊब धरून ठेवते. हे पाणी बांध ओलांडून वाटेवर येतं. म्हणजे जितकी कडाक्याची पहाट तितका तुझ्या वाटेला चिखल जास्त. तुम्ही नेमके त्याच दिवशी हौसेनं निघता!

त्यात ती काळी माती. तिचे कण इतके बारीक की पाणी पिऊन फुगतात आणि लोखंडाला, रबराला, चपलेला, मिळेल त्याला धरतात. वर वाटेवरचं पाचट आणि काडीकचरा त्यात मिसळला की मडगार्डच्या आत भिंतीच्या लिंपणासारखा थर बसतो. गिरणाऱ्याच्या पुढे वाघेरा-हरसूलकडे गेलास तर माती तांबडी आणि मुरमाड आहे. तिथे पाणी निचरून जातं, चाक घाण होतं पण फिरत राहतं. कडाक्याच्या थंडीत पश्चिमेला जा आणि निफाडची बाजू पाण्याची पाळी नसेल तेव्हा धर, हा माझा पहिला सल्ला. यात पैसे लागत नाहीत.

आता सायकल. दोन्ही मडगार्ड काढून ठेव, मागच्याच्या पट्ट्यांसकट. पाठीवर चिखलाचा पट्टा उठेल, उठू दे. पुढे ब्रेकचा घोडा रिमला बिलगून बसलेला असतो, माती तिथेच आधी अडकते. त्यासाठी बांबूची चपटी कामटी दांडीला सुतळीनं बांधून ठेव आणि दर थोड्या वेळानं खरवड. स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडू नकोस, टायरच्या कडेला भोसकलंस तर घरी चालत यावं लागेल.

चेनकव्हर मात्र काढायचं नाही. पोरं सायकल हलकी करायची म्हणून आधी तेच काढतात. अरे, तुझ्या सायकलीत सगळ्यात शहाणा भाग तोच आहे! तुझी चेन कोरडी राहते आणि मित्रांच्या गिअरमध्ये पाचट गुंडाळून मागचा गिअर तारांमध्ये ओढला जातो. तो वाकला की रविवार संपला.

गिअर नसल्याची अडचण खरी आहे. पुढचं चक्र ४४ दाती आणि मागचं १८ दाती, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जवळपास साडेपाच मीटर जाते. डांबरी रस्त्याला ते झकास, चिखलात गुडघे काढणारं. मागे २२ दाती फ्रीव्हील, म्हणजे मागचं दातांचं चक्र, टाक, अंतर साडेचार मीटरवर येतं आणि दम टिकतो. चेनला कड्या वाढवाव्या लागतील. मोठं फ्रीव्हील कव्हरला घासत असेल तर २० वर समाधान मान. जुनं फ्रीव्हील बदलायला गेलासच तर मिस्त्रीला सांग, आत ग्रीस कोंबू नको, पातळ तेल घाल. थंडीत ग्रीस घट्ट होतं, आतल्या खिट्ट्या उचलत नाहीत आणि पायडल मोकळंच फिरतं. ग्रीस चाकाच्या मधल्या हबमध्ये आणि बी.बी.च्या, म्हणजे पायडलच्या धुरीच्या, वाट्यांत भरायचं, तिथे कंजुषी नको.

हवेबद्दल मित्र सांगतील, चिखलात टायर मऊ ठेव. त्यांच्या जाड टायरला ते चालतं. तुझ्या दीड इंची टायरमध्ये हवा फार कमी केलीस तर टायर रिमवर सरकतो, सोबत ट्यूब सरकते आणि वॉलच्या, म्हणजे हवा भरायच्या तोंडाच्या, मुळाशी फाटते. अंगठ्यानं जोर लावून दाबल्यावर किंचित दबला पाहिजे, एवढंच. जुनी ट्यूब उभी चिरून टायरच्या आत अस्तर घाल, बाभळीच्या काट्यांपैकी पुष्कळ तिथेच अडतात. जादा वॉल-ट्यूब आणि पंक्चरचं सामान खिशात.

ब्रेकबद्दल एकच सांगतो. ओल्या क्रोमच्या रिमवर रबर नुसतं घसरतं. उतार लागायच्या आधीच ब्रेक हलके धरून रिम पुसून घ्यायची, आणि उतार मोठा असेल तर खाली उतरायचं. उतरण्यात कसला कमीपणा? ही सायकल वीस किलोच्या आसपास भरते, खांद्यावर घेऊन मिरवायची नाही. वाटेच्या कडेच्या गवतावरून ढकलत न्यायची. गवतावर काळी माती चाकाला धरत नाही, उलट धरलेली पुसली जाते.

प्रश्न : पहाटे बोटं बधिर होतात, ब्रेक लागलाय की नाही तेच कळत नाही. आणि मफलरचं काय करायचं? — एक वाचक, सिन्नर

उत्तर : ताई, मफलरची टोकं आधी स्वेटरच्या आत खोचा. चाकात गेलेली मफलर गळ्याशी खेळ करते. त्यापेक्षा कानटोपी बरी. हातात लोकरीचे मोजे आणि वरून रबरी मोजे, स्वयंपाकघरातले चालतात. छातीवर स्वेटरच्या आत वर्तमानपत्राची घडी ठेवा. युरोपातले शर्यतवाले घाट उतरताना हेच करत, कारण कागद वारा अडवतो आणि ऊन आलं की काढून टाकता येतो. पायात जाड मोजे, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी, वर बूट. दिसतं भिकार, पण बोटं शाबूत राहतात.

प्रश्न : २०१५ मध्ये आपल्या महाजन बंधूंनी रेस अक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत पूर्ण केली तेव्हापासून आमच्या कॉलनीत हजारो-लाखोंच्याच सायकली दिसतात. माझी जुनी हर्क्युलिस घेऊन रानात गेलो की लोक हसतात. चिखलात जुनी सायकल फिरवणारा मीच एकटा वेडा आहे का? — एक वाचक, कॉलेज रोड

उत्तर : वेडे आहात, पण एकटे नाही. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजनांनी नाशिकला सायकलवर बसवलं, त्याचा मला अभिमानच आहे. त्यांची शर्यत डांबरी रस्त्यावरची, तिथे हलकी सायकल हवीच. तुमचं काम निराळं.

आज दुकानात ज्याला माउंटन बाइक म्हणतात ती जुन्या सायकलींतूनच निघाली. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन नावाचा भाग आहे. तिथली पोरं १९३०-४० च्या काळातल्या जाड टायरच्या श्विन सायकली कमी पैशांत मिळवून डोंगरावरून खाली पिटाळायची. १९७६ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी घड्याळ लावून शर्यतच घेतली. मागे पायडल उलटं दाबलं की लागणारा ब्रेक होता. एका उतारात हब इतका तापायचा की आतलं ग्रीस धूर होऊन जायचं आणि पुन्हा भरावं लागायचं. त्या शर्यतीचं नावच पडलं ‘रीपॅक’. पुढे चार्ली केली आणि गॅरी फिशर या त्यातल्याच दोघांनी अशा सायकली बनवून विकायला सुरुवात केली.

त्याही आधी, मार्च १९१९ मध्ये ‘वेफेअरर’ या टोपणनावानं लिहिणारा एक इंग्रज वेल्समधल्या बर्विन डोंगरातून बर्फातनं सायकल घेऊन गेला. बराच वेळ ढकलतच. पुढे १९५५ मध्ये इंग्लंडात रफ-स्टफ फेलोशिप ही मंडळी जमली. त्यांना बर्फ, दलदल, ओढे, काहीही चालायचं, आणि सायकली साध्या घरच्याच. ढकलणं त्यांच्या सायकल चालवण्यातच धरलेलं होतं. कॉलनीतल्या लोकांना हे सांगायच्या भानगडीत पडू नका, ते गिअरची किंमत विचारतील.

प्रश्न : घरी आल्यावर सर्व्हिसिंग सेंटरला प्रेशरनं धुतली तर चालेल ना? — एक वाचक, सातपूर

उत्तर : नाही. जोराचं पाणी वाट्यांत शिरतं आणि छर्रे गंजतात. चिखल वाळायच्या आत बादली, तांब्या आणि जुना ब्रश. मग सीट काढून सायकल उलटी करा, नळीत गेलेलं पाणी निथळेल. चेनला दोन थेंब तेल. क्रँकची, म्हणजे पायडलच्या दांड्याची, पिन ढिली झालीय का ते त्याच वेळी बघा. पायडलला कट्-कट् आवाज येत असेल तर झालीय. तशीच चालवलीत तर पिन वाकते आणि मग हातोड्यानंही निघत नाही.

पत्र : तुम्ही लोकांना मळ्यांच्या वाटा सुचवता. परवा तिघं सायकलवाले बागेतून घुसले, ठिबकच्या दोन नळ्या तुडवल्या आणि कांद्याच्या रोपावरून वळून गेले. — एक बागाईतदार, निफाड तालुका

उत्तर : भाऊ, तुमचा राग रास्त आहे. सगळ्यांनी वाचावं म्हणून पत्र छापलं. बांधावरून सायकल न्यायची नाही, बागेच्या ओळींत शिरायचं नाही, रोपाच्या वाफ्याकडे तर फिरकायचंही नाही. वाट ट्रॅक्टरच्या चाकोरीची असली तरी ती कुणाच्या तरी शेतातून जाते. कुणी दिसलं तर आधी उतरून विचारायचं. फवारणी चालू असेल तर तिथूनच माघारी वळायचं, औषध श्वासात जातं. फाटक उघडं असेल तर उघडं, लावलेलं असेल तर लावूनच पुढे. त्या तिघांपैकी कुणी हे वाचत असेल तर येत्या रविवारी दोन जोडण्या आणि हातभर नळी घेऊन त्या बागेत जावं. शेतीसामानाच्या कुठल्याही दुकानात मिळतात, फार महाग नाहीत.