आजरा घनसाळ या सुवासिक भाताचा वास तसाच ठेवून इंद्रायणीएवढा उतारा देणारा वाण का निघत नाही?

वास आणि उंची हा त्यातला सोपा भाग. अडतं ते भात शिजल्यावर.

आमच्या आजऱ्याच्या शेतात घनसाळ छातीला लागतं. लोंबी भरली आणि परतीचा पाऊस आला की लोळतं. युरिया जास्त पडला असेल तर विचारूच नका. उतारा घटतो तो बराचसा इथंच. बुटकेपणा आणायची वाट जुनीच आहे. आंबेमोहर-१५७ आणि बुटका आयआर-८ यांच्या संकरातून वडगाव मावळला इंद्रायणी निघाला, तीच वाट.

शिकत असताना दोन हंगाम मी अशाच एका संकराच्या दुसऱ्या पिढीत राबलो. वासाचं जनुक अप्रभावी, म्हणजे आई-बाप दोघांकडून आलं तरच गुण दिसतो; बुटकेपणाचंही तसंच. म्हणजे दोन्ही गुण जुळलेलं रोप सोळांत एक. १६०० रोपं लावा, हाती शंभरेक. वास तपासायला पान बारीक कातरून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या पातळ द्रावणात दहा मिनिटं झाकून ठेवायचं, मग झाकण काढून हुंगायचं. वीस-पंचवीस बशा झाल्या की नाक बधिर होतं आणि सगळंच घनसाळ वाटायला लागतं. मग थोडा वेळ बांधावर.

खरी गोची त्या शंभरांत. भात मऊ हवा, पण गिच्च नको. हे तांदळाच्या स्टार्चमधल्या अमायलोज या घटकावर ठरतं, साधारण २० ते २५ टक्के बरं. दाणा किती उष्णतेला शिजतो ते आणखी वेगळं. एका रोपाचं मूठभर भात, त्यातलंच बियाणं ठेवायचं, मग भांडं कशाचं चढवणार? म्हणून तांदळाचे सहा दाणे त्याच पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या १.७ टक्के द्रावणात २३ तास भिजवायचे. काही जसेच्या तसे, काही कडेनं फुटलेले, काही पार विरघळलेले. त्यावरून शिजायला किती उष्णता लागेल याचा अंदाज बांधायचा. वाण स्थिर व्हायला पुढं पाच-सहा पिढ्या. आमची एक ओळ, म्हणजे एकाच रोपापासून वाढवलेली पिढी, बुटकी, वासाची, भरघोस निघाली. घरी शिजवल्यावर आई म्हणाली, "वास घनसाळचा, भात रेशनचा." ओळ बाद.

शिवाय घनसाळला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. संकराचा वाण कितीही सरस निघाला तरी माझ्या लेखी तो घनसाळ नव्हे.

तुमचं घरचंच बी असेल तर निवड पद्धत धरा. न लोळलेल्या रोपांच्या लोंब्या वेगवेगळ्या ठेवा, पुढच्या वर्षी एका लोंबीची एक ओळ लावा, भेसळ दिसेल ती ओळ काढून टाका. लोंब्या मात्र उभ्या पिकातूनच वेचा. खळ्यावर आल्या की कुठलं रोप उभं होतं ते कळत नाही.