रक्तदाबाच्या गोळ्या आणि वाढती साखर

प्रश्न : वय ५४, प्रीडायबेटिस (मधुमेहाच्या आधीची पायरी) आहे. आठ महिन्यांपूर्वी रक्तदाबासाठी हायड्रोक्लोरोथायझाइड आणि अटेनोलॉल सुरू झाले. कोलेस्टेरॉलसाठी अटोर्व्हास्टॅटिन आधीपासून घेतो. खाणेपिणे तेच, तरी उपाशीपोटीची साखर १०४ वरून ११८ वर आणि एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर) ५.८ वरून ६.२ वर गेले. गोळ्या बंद करू का?

उत्तर : स्वतःहून एकही नको. अटेनोलॉल तर मुळीच नाही. ते एकदम सोडले की नाडी आणि रक्तदाब उसळतात. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत आधीच अडथळा असेल तर झटकाही येऊ शकतो.

तुमची शंका मात्र रास्त आहे. या दोन गोळ्या जोडीने घेतल्यास साखर वाढू शकते, हे डॉक्टरांना ठाऊक असते. हायड्रोक्लोरोथायझाइडमुळे लघवीवाटे पोटॅशियम जाते आणि ते कमी झाले की स्वादुपिंडातून इन्सुलिन कमी सुटते. अटेनोलॉलमुळे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. म्हणून आधी रक्तातले पोटॅशियम तपासून घ्या. मग डॉक्टरांना थेट विचारा : हायड्रोक्लोरोथायझाइडचा डोस कमी करता येईल का? अटेनोलॉल रक्तदाबापुरतेच दिले आहे की हृदयासाठीही? फक्त रक्तदाबासाठी असेल, तर टेल्मिसार्टनसारखा पर्याय असतो. जाताना प्रत्येक औषध सुरू झाल्याची तारीख आणि साखरेचे आकडे एकाच कागदावर शेजारी शेजारी लिहून न्या. त्यावरून दोष कोणाचा हे पटकन कळते.

अटोर्व्हास्टॅटिननेही साखर किंचित वाढते, पण हृदयाला मिळणारे संरक्षण त्याहून कितीतरी मोठे आहे. ते चालू राहू द्या.

मधल्या काळात स्टिरॉइड घेतले होते का? सांध्यातले इंजेक्शनही यात मोजा. सकाळी प्रेडनिसोलोनसारखे स्टिरॉइड घेतले की साखर दुपारी-संध्याकाळी चढते, उपाशीपोटीचा आकडा चांगलाच दिसतो आणि फसगत होते. तेव्हा जेवणानंतर दोन तासांनी तपासा. हिमोग्लोबिनही पाहा, कारण लोह कमी असल्यास एचबीएवनसी उगाच जास्त येते.

गोळ्या बदलल्या तरी चालणे सुटत नाही. आठवड्याला १५० मिनिटे भरभर चाला. त्यातली दहा-पंधरा मिनिटे जेवणानंतर लगेच ठेवा. वजन जास्त असेल तर ७ टक्के उतरवा, म्हणजे ८० किलोंमागे साडेपाच. अमेरिकेतल्या २००२च्या मोठ्या अभ्यासात एवढ्याने मधुमेहाचा धोका ५८ टक्के घटला, मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने ३१ टक्के.

बदलानंतर तीन महिन्यांनी एचबीएवनसी पुन्हा करा. त्याआधी केल्यास जुनी साखरही त्यात मिसळलेली असते. उपाशीपोटी १२६ किंवा एचबीएवनसी ६.५ आले, किंवा तहान आणि लघवी वाढली, तर तेवढेही थांबू नका.