‘ॲडव्हेंट’ला मराठीत काय म्हणावे?

एका वाचक भगिनींचा प्रश्न आहे. त्यांची मुलगी अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात राहते. शेजारच्या कुटुंबाने तिच्या मुलांना आपल्या एपिस्कोपल पॅरिशमधील, म्हणजे त्या पंथाच्या स्थानिक चर्चमधील, ॲडव्हेंट (नाताळाआधीचे आठवडे) आणि ख्रिसमसच्या कार्यक्रमांना बोलावले आहे. त्या कार्यक्रमांची पत्रिका पुण्यातल्या पणजी-पणजोबांना वाचता यावी म्हणून या बाई ती मराठीत उतरवू लागल्या आणि ‘ॲडव्हेंट’पाशीच अडल्या. ‘नाताळची तयारी’ असे लिहिले तर चालेल का, आणि ‘एपिस्कोपल’ व ‘पॅरिश’ या शब्दांचे काय करावे, असे त्या विचारतात.

‘नाताळची तयारी’ असे लिहू नये, ‘आगमनकाळ’ असे लिहावे. हा शब्द मी घडवलेला नाही. मराठी ख्रिस्ती लेखनात तो रुळलेला आहे. शिवाय तो मूळ शब्दाला जितका जवळचा आहे तितके जवळ येण्याचे भाग्य भाषांतरित शब्दांना क्वचितच लाभते. ‘ॲडव्हेंट’ हा लॅटिन ‘आद्वेन्तुस’ या शब्दापासून आला. त्यातील ‘आद्’ म्हणजे ‘कडे’ आणि ‘वेनिरे’ म्हणजे ‘येणे’. संस्कृतातील ‘आगमन’ची बांधणी नेमकी अशीच आहे, म्हणजे ‘आ’ हा उपसर्ग आणि ‘गम्’ हा धातू. त्यातही मौज अशी की लॅटिन ‘वेनिरे’ आणि संस्कृत ‘गम्’ हे दोन्ही धातू एकाच प्राचीन इंडो-युरोपीय धातूपासून निघाले आहेत असे भाषाशास्त्र मानते. म्हणजे ‘आगमन’ हा ‘ॲडव्हेंट’चा केवळ प्रतिशब्द नसून दूरचा भाऊबंदही आहे.

मात्र ‘आगमनकाळ’मधला ‘काळ’ गाळू नये. मराठी कानाला नुसते ‘आगमन’ ऐकू आले की ढोल-ताशे, गुलाल आणि दारात थांबलेली गणपतीची मूर्ती आठवते, म्हणजेच प्रत्यक्ष येण्याचा क्षण. एपिस्कोपल पॅरिशमधला ॲडव्हेंट याच्या अगदी उलट असतो, कारण त्या दिवसांत कोणीही आलेले नसते. नाताळापूर्वीचे चार रविवार त्यात येतात. त्यातला पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या दरम्यान कधीही पडतो आणि त्या दिवशी चर्चचे नवे वर्ष सुरू होते. उपासनेच्या वस्त्रांचा आणि वेदीवरील पडद्यांचा रंग जांभळा होतो, काही पॅरिशमध्ये निळा. सदाहरित डहाळ्यांच्या कड्यात चार मेणबत्त्या उभ्या केलेल्या असतात आणि दर रविवारी एक जास्त पेटवली जाते. आपल्या पत्रिकेत ‘ॲडव्हेंट रीथ’ असे जे आले आहे ते हेच. त्याला ‘पुष्पचक्र’ मात्र म्हणू नये, कारण मराठीत पुष्पचक्र अंत्यदर्शनाला वाहतात.

या चार आठवड्यांत पॅरिश काय करते यापेक्षा काय करत नाही, यातून शब्दाचा अर्थ अधिक कळतो. ‘ऊर्ध्वलोकी देवाला गौरव’ हे देवदूतांचे गीत एरवी रविवारच्या उपासनेत गायले जाते, पण आगमनकाळात ते गाळतात, कारण बायबलच्या कथेत ते येशूच्या जन्माच्या रात्रीच प्रथम ऐकू येते. येशूजन्माचा देखावा मांडला तरी त्यातली गव्हाण बहुधा रिकामी ठेवतात आणि बाळ त्यात २४ डिसेंबरच्या रात्रीच येते. कित्येक ठिकाणी मागी लोकांच्या, म्हणजे बाळ येशूच्या दर्शनाला पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी पुरुषांच्या, मूर्ती चर्चच्या दुसऱ्या टोकाला ठेवून रोज थोड्याथोड्या पुढे सरकवतात, आणि ६ जानेवारीच्या सणाला त्या गव्हाणीपाशी पोहोचतात. बाहेर दुकानांतून नोव्हेंबरपासूनच नाताळची गाणी वाजत असताना चर्चच्या आत मात्र ती थोपवून धरायची, अशी या पॅरिशची जुनी वहिवाट आहे. काही ठिकाणी ती पाळली जाते, काही ठिकाणी मुलांच्या हट्टापुढे सैल होते.

असे असेल तर ‘प्रतीक्षाकाळ’ का म्हणू नये, असे आपण विचाराल. तो शब्द मलाही काही दिवस मोहवत होता. पण या चार रविवारी उपासनेत बायबलमधील कोणते उतारे वाचतात ते पाहिले म्हणजे तो अपुरा वाटू लागतो. पहिल्या रविवारी बेथलेहेमचा उल्लेखही नसतो. त्या दिवशी ख्रिस्ताच्या पुनरागमनाविषयी ‘जागृत राहा’ असा इशारा वाचला जातो. दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी बाप्तिस्मा करणारा योहान येतो, आणि मरिया व योसेफ यांच्यापर्यंत कथा चौथ्या रविवारी पोहोचते. म्हणजे या काळाला दोन आगमने अभिप्रेत आहेत, एक होऊन गेलेले आणि एक व्हायचे. ‘प्रतीक्षाकाळ’मध्ये फक्त वाट पाहणाऱ्याची अवस्था उरते आणि येणारा दिसेनासा होतो. ‘नाताळची तयारी’ तर याहूनही तोकडी, कारण तयारी म्हटले की मराठी घरात फराळ आणि साफसफाई येते.

‘नाताळ’ हा शब्द मात्र निःशंक वापरावा. तो पोर्तुगिजांकडून आला, ‘नाताल’ म्हणजे जन्माचा दिवस. एपिस्कोपल परंपरा इंग्लंडच्या चर्चमधून निघालेली असली तरी पोर्तुगीज शब्द तिला परका ठरत नाही, कारण आता तो मराठीच आहे. फक्त त्याची सुरुवात नीट दाखवावी. चर्चच्या हिशेबात सणाचा दिवस आदल्या संध्याकाळीच उजाडतो, म्हणून पत्रिकेतील २४ डिसेंबरच्या सायंकालीन उपासनेला ‘नाताळची उपासना’ म्हटले तरी चूक नाही. २०२३ साली २४ डिसेंबर रविवारीच आला, तेव्हा सकाळी आगमनकाळाचा चौथा रविवार आणि सूर्यास्तानंतर नाताळ, असे एकाच दिवसात दोन्ही काळ पाळावे लागले. तिथून पुढे नाताळ बारा दिवस चालतो. २६ तारखेला झाड उतरवून टाकणाऱ्यांना हे ठाऊक नसते, तो भाग वेगळा.

‘एपिस्कोपल’ हे विशेषनाम आहे, तेव्हा ते तसेच राहू द्यावे, पण पणजोबांनी अर्थ विचारलाच तर सांगता यावा. ग्रीक ‘एपिस्कोपोस’ म्हणजे वरून पाहणारा, देखरेख करणारा; ‘बिशप’ हा शब्दही झिजत झिजत त्यातूनच आला. मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी त्यासाठी ‘अध्यक्ष’ हा शब्द योजला आणि ती निवड मला अतिशय मार्मिक वाटते, कारण ‘अधि’ म्हणजे वर आणि ‘अक्ष’ म्हणजे डोळा. आज अध्यक्ष म्हटले की सभेत हार घालून घेणारा गृहस्थ डोळ्यांपुढे येतो, पण कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील अध्यक्ष खरोखरच एकेका खात्यावर नजर ठेवणारे अधिकारी होते. बिशप असलेले चर्च, एवढाच ‘एपिस्कोपल’चा अर्थ. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धानंतर अमेरिकेतल्या या चर्चच्या लोकांना ‘चर्च ऑफ इंग्लंड’ हे नाव ठेवणे अशक्य झाले, आणि बिशप मिळणेही कठीण झाले, कारण इंग्लंडमध्ये दीक्षाविधीत राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागे. शेवटी आपल्या कन्येच्या कनेक्टिकटमधीलच सॅम्युएल सीबरी यांनी १४ नोव्हेंबर १७८४ रोजी स्कॉटलंडमधील ॲबरडीन येथे बिशपपदाची दीक्षा घेतली.

‘पॅरिश’साठी वसईच्या कॅथलिक समाजात ‘धर्मग्राम’ हा सुंदर शब्द आहे, आणि वसईविषयी लिहिताना तोच वापरावा. पण तो गावाची, एका वस्तीची जाणीव देतो, आणि अमेरिकेत लोक आपल्या आवडीच्या पॅरिशला दहा-वीस मैल गाडी हाकत जातात. म्हणून इथे संस्थेला ‘पॅरिश’ आणि माणसांना ‘मंडळी’ म्हणावे. मंडळी हा मराठी प्रोटेस्टंटांचा नित्याचा शब्द आहे, आणि तो इथे परका नाही. ज्या अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चशी नाते सांगणाऱ्या, कुटुंबात एपिस्कोपल चर्च मोडते त्यातच आपले चर्च ऑफ नॉर्थ इंडियाही मोडते. या संयुक्त चर्चची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात झाली, आणि तो दिवस आगमनकाळाचा पहिला रविवार होता.

तेव्हा पत्रिकेची पहिली ओळ अशी करता येईल: ‘आमच्या एपिस्कोपल पॅरिशच्या मंडळीत आगमनकाळाच्या चारही रविवारी आणि २४ डिसेंबरच्या सायंकाळी नाताळच्या उपासनेला आपण सहकुटुंब यावे.’ मुलांच्या ‘पेजंट’ला ‘येशूजन्माची नाटिका’ म्हणावे, आणि नातवाच्या वाट्याला मेंढपाळाचे काम आले असेल तर तेही कंसात लिहावे, कारण पुण्यात सगळ्यांत आधी तेच वाचले जाईल.