ऑपरेशनमध्ये रक्त पातळ केल्यावर जठराला ऑक्सिजन कमी पडतो का?

भूल दिल्यावर रुग्णाचं थोडं रक्त काढून ठेवून त्याजागी सलाइन किंवा तसलाच द्रव भरला, तर जठराचं काय होतं, असं तुम्ही विचारलंय. आधी एक गोंधळ मिटवतो. ॲस्पिरिन, वॉरफरिनला आपण 'रक्त पातळ करायच्या गोळ्या' म्हणतो खरं, पण त्या फक्त गुठळी होऊ देत नाहीत. इथे रक्त अक्षरशः पातळ होतं, लाल पेशी विरळ होतात.

६० किलोच्या माणसात साधारण ४२०० मिलि रक्त असतं. हिमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के, तो आकडा) ४२ वरून ३० वर आणायचं तर ४२०० × १२ ÷ ३६ = १४०० मिलि काढायचं (१२ हा दोन्हींतला फरक, ३६ ही सरासरी), म्हणजे ४५० मिलिच्या तीन पिशव्या. हिमोग्लोबिन (लाल पेशींतलं ऑक्सिजन वाहणारं द्रव्य) १४ वरून १० वर येतं आणि दर १०० मिलि रक्तातला ऑक्सिजन साधारण १८ मिलिवरून १३ वर. नुसता जास्त ऑक्सिजन देऊन ही तूट भरत नाही, कारण त्याने प्लाझ्मात (रक्ताच्या पातळ द्रव भागात) विरघळलेला ऑक्सिजन जेमतेम एक-दीड मिलिने वाढतो.

तूट भरून निघते ती प्रवाहाने. पातळ रक्त सहज वाहतं, हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलतं, पेशीही रक्तातून ऑक्सिजन जास्त ओढून घेतात. त्यामुळे धडधाकट हृदय असेल तर इथवर जठर सहसा निभावून नेतं. मात्र वाढीव रक्तात पहिला मान हृदयाचा आणि मेंदूचा. पोटाची पाळी नंतर.

माझ्या मते खरा धोका रक्त पातळ होण्यात नाही, द्रव कमी पडण्यात आहे. जेवढं रक्त काढलं तेवढंच कोलॉइड (मोठ्या रेणूंमुळे रक्तवाहिन्यांत जास्त वेळ टिकणारा द्रव), किंवा सुमारे तिप्पट रिंगर लॅक्टेट (सलाइनसारखा क्षारांचा द्रव) द्यायचं, तेही रक्त निघत असतानाच. मागे राहिलात की शरीर पोटाकडच्या रक्तवाहिन्या आवळून बीपी सांभाळतं. मॉनिटरवर १२०/८० दिसतं आणि जठराचं अस्तर तहानलेलं असतं. बीटा ब्लॉकर (हृदयाची गती आणि जोर कमी करणारं औषध) चालू असेल तर हृदय पुरेसा जोर लावू शकत नाही, तिथे जास्त जपावं.

जठराची स्थिती टोनोमीटरने कळते. नाकातून घातलेल्या नळीच्या टोकाला फुगा असतो, त्यात झिरपलेला कार्बन डायऑक्साइड मोजून धमनीतल्या पातळीशी ताडून बघतात. फुग्यातला आकडा जितका जास्त, तितका जठराचा रक्तपुरवठा अपुरा. पण जठरातलं आम्ल आणि बायकार्बोनेट (आम्ल शमवणारा क्षार) भिडूनही हाच वायू होतो आणि आकडा फुगतो, म्हणून आधी आम्ल कमी करणारं औषध देतात. उलटी फसगतही होते: पातळ रक्त जोरात वाहत असेल तर ते कार्बन डायऑक्साइड धुऊन नेतं, आणि ऑक्सिजन कमी असूनही आकडा चांगला दिसतो. त्यामुळे हिमोग्लोबिन आणि रक्तातलं लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की वाढणारं द्रव्य) सोबत बघितल्याशिवाय त्या आकड्यावर भरवसा ठेवू नये.